जुना दिसणारा कागद घरी कसा करावा: आधी फाडा, मग चुरगळा, चहा त्यानंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे: पानगळीच्या थीमवर माळ, शुभेच्छापत्रं आणि बरण्यांवरची लेबलं करायची आहेत, त्यासाठी जुनाट दिसणारा कागद हवा आहे. पण चहात बुडवलेला कागद उचलताना फाटतो, वाळला की वाकडातिकडा होतो आणि रंग सगळीकडे सारखा बसल्यामुळे जुना वाटण्याऐवजी नुसता तपकिरी वाटतो. काठ मेणबत्तीवर जाळले तर बरं दिसेल का?

काठ जाळू नका. त्याचं कारण पुढे सांगते. बाकीच्या तक्रारींमागे मुख्यतः कामाचा क्रम आहे. बहुतेक जण कोरा, सपाट कागद सरळ चहात घालतात आणि वाळल्यावर त्याला घड्या घालतात, चुरगळतात, कडा फाडतात. हे उलट करायला हवं. झीज आधी, रंग नंतर.

याला कारण आहे. कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंचं जाळं, आणि लिहिण्या-छापण्याच्या कागदाला बनवतानाच खळ दिलेली असते. खळ असते म्हणून शाई पसरत नाही आणि पाण्याचा थेंब काही क्षण वर उभा राहतो. कोरा कागद चहात घातला की ही खळ सगळीकडे सारखाच विरोध करते, म्हणून रंगही सपाट बसतो. तोच कागद आधी चुरगळला तर प्रत्येक सुरकुतीवर खळ मोडते, तंतू उघडे पडतात, आणि चहा नेमका तिथे जास्त शिरतो. सुरकुती गडद, मधला भाग फिका. तुम्हाला वेगळं रंगवावं लागत नाही, कागद स्वतःच रंग वाटून घेतो. वाळल्यावर चुरगळलात तर याच्या उलट होतं: रंगलेला वरचा थर मोडतो आणि सुरकुत्या पांढुरक्या दिसतात. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण कागद नवा आहे हे त्याला लगेच कळतं.

खरा जुना कागद कुठे जुना होतो

एखादं जुनं पुस्तक हातात घेऊन पाहा. पानाच्या कडा तपकिरी असतात आणि मध्याकडे जाल तसा रंग फिका होत जातो, कारण बंद पुस्तकात हवा आणि उजेड कडेनेच आत येतात. वर्तमानपत्राचा कागद उन्हात काही दिवसांतच पिवळा पडतो, कारण त्याच्या लगद्यात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं आणि उजेड व हवा मिळून ते रंग बदलतं. याउलट सुती चिंध्यांपासून केलेले कित्येक शतकं जुने कागद आजही बऱ्यापैकी उजळ आहेत. एकोणिसाव्या शतकात खळ देण्यासाठी तुरटी आणि राळ वापरायला लागले, त्यामुळे कागद आम्लधर्मी झाला. म्हणूनच त्या काळातली पुष्कळ पुस्तकं नुसती पिवळी पडली नाहीत, तर पान दुमडलं की तुटावं इतकी ठिसूळ झाली.

म्हणजे जुनेपणाचे दोन भाग आहेत: एक रसायनाचा आणि एक हाताळणीचा. हाताळणीचा भाग लोक विसरतात, आणि खरी गंमत त्यातच आहे. चार घड्या घालून ठेवलेलं पत्र बघा. बाहेर राहिलेली चौकट मळकट, आत राहिलेल्या उजळ. घडीच्या रेषा कापडासारख्या मऊ झालेल्या. उभी आणि आडवी घडी जिथे एकमेकींना छेदतात तिथे सगळ्यात आधी बारीक भोक पडतं, कारण तो एकच बिंदू दोन्ही दिशांनी मोडलेला असतो. कोपरे टोकदार राहिलेले नसतात, गोलसर झिजलेले असतात. कुठेतरी ओल लागून गेल्याची नागमोडी तपकिरी रेघ असते, आणि बुरशीमुळे किंवा कागदातल्या लोहकणांमुळे आलेले गंजाच्या रंगाचे ठिपके असतात.

आता जळलेल्या काठांकडे या. पत्र, लेबल, नकाशा, पुस्तकाचं पान, यांपैकी कशाचीही चारही बाजूंनी सारखी जळलेली कडा नसते. आगीतून वाचलेला कागद एका बाजूने खाल्लेला असतो. काळी नक्षीदार कडा नाटकाच्या रंगमंचावर लांबून चालते, हातात घेतलेल्या शुभेच्छापत्रावर ती खोटी दिसते. शिवाय वाळलेला, चुरगळलेला कागद सपाट कागदापेक्षा फार लवकर पेट घेतो आणि जळकी कडा पुढे बरेच दिवस काळी भुकटी सोडत राहते. मुलं सोबत असतील तर हा विचारच नको.

काम सुरू करण्याआधी ठरवा की तुमचा कागद कोण आहे. घडी घालून खिशात ठेवलेलं पत्र आहे, बरणीवर चिकटलेलं लेबल आहे, की वहीतून निघालेलं पान आहे? यावरून घड्या कुठे, डाग कुठे आणि किती, हे आपोआप ठरतं. सगळ्या खुणा एकाच कागदावर नकोत.

कागद कोणता घ्यावा

फाटण्याची तक्रार इथे सुटते. साधा कागद पूर्ण भिजला की त्याच्या कोरड्या ताकदीचा जेमतेम दहावा हिस्सा उरतो, पुष्कळदा त्याहूनही कमी. प्रिंटरचा नेहमीचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ७० ते ८० ग्रॅम. चुरगळून, भिजवून, कोपऱ्याला धरून उचलला तर तो फाटणारच. तो वापरायचाच नाही असं नाही. पत्रासाठी तो छान, कारण पातळ कागदालाच पत्राचा आवाज असतो. फक्त तो उचलायचा नाही, त्याच्याखाली प्लास्टिकची जाळी किंवा जाड प्लास्टिकचा तुकडा आधीच ठेवायचा आणि जाळीसकट बाहेर काढायचा.

शुभेच्छापत्रं आणि लेबलांसाठी १२० ते १५० जीएसएमचा कार्ट्रिज पेपर (चित्रकलेचा जाडसर कागद) मला सगळ्यात सोयीचा वाटतो. भिजला तरी टिकतो, सुरकुत्या नीट धरतो, आणि त्याचा रंग मुळातच थोडा दुधाळ असतो. जलरंगाचा ३०० जीएसएमचा कागद चुरगळत नाही, मोडतो, तेव्हा तो फक्त काठ फाडून सपाट रंगवायच्या कामाला घ्या. माळेतल्या पानांसाठी खाकी क्राफ्ट पेपर घ्या. त्याचे तंतू लांब आणि चिवट असतात, तो पुन्हा पुन्हा चुरगळून चामड्यासारखा मऊ करता येतो आणि तपकिरी रंग आधीच असल्याने चहाचं निम्मं काम वाचतं. चकचकीत आर्ट पेपर मात्र बाजूला ठेवा. त्यावर लेप असतो, चहा आत शिरत नाही, नुसते ओघळ उमटतात.

प्रिंटरच्या कागदाची आणखी एक अडचण आहे. तो जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी द्रव्यं घातलेली असतात, जी अतिनील किरणं घेऊन निळसर उजेड परत टाकतात. म्हणून फिक्या चहात भिजवलेला असा कागद उन्हात धरला की पिवळेपणाखाली एक थंड, निळसर पांढरेपणा जाणवत राहतो. उपाय सोपा: चहा जास्त कडक, किंवा दोन हात.

कोणताही नवा कागद आणला की कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहा. लगेच मुरला तर खळ कमी, रंग झपाट्याने शिरेल, चहा फिका ठेवा. बराच वेळ उभा राहिला तर खळ भरपूर, चुरगळण्यावर मेहनत जास्त घ्या. जुन्या, टाकाऊ पुस्तकाची पानं वापरत असाल तर ती बुडवूच नका, फवारणीच्या बाटलीने चहा मारा. असे कागद बहुधा आधीच अशक्त झालेले असतात.

आणि कागदाची दिशा बघा. यंत्रावर बनलेल्या कागदात तंतू बहुतेक एकाच दिशेने झोपलेले असतात. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा: ज्या बाजूने सहज वाकतो, त्या वाकलेल्या रेषेला समांतर तंतू असतात. पानं कापताना पानाची लांबी या दिशेने ठेवा. मग मधल्या शिरेची घडी सरळ आणि स्वच्छ बसते, आणि पान लांबीला ताठ राहतं, माळेत लटकून मान टाकत नाही.

कोरड्या कागदावरचं काम

काठ फाडण्यासाठी कात्री नको. बारीक ब्रश स्वच्छ पाण्यात बुडवून हवी तशी वाकडी रेघ ओढा, पाणी मुरू द्या, गरज पडली तर दुसऱ्यांदा ओढा, आणि मग दोन्ही बाजूंना हळू ताणून कागद वेगळा करा. तो फाटत नाही, सुटतो, आणि कडेला तंतूंची मऊ झालर राहते. हातकागदासारखी ही कडा चहा सगळ्यात जास्त पिते, म्हणून रंगवल्यावर ती आपोआप गडद होते. कोरडाच फाडायचा असेल तर पट्टी दाबून धरा आणि कागद पट्टीवर आपल्याकडे ओढा. चारही कडा सारख्याच फाडल्या तर ती चौकट वाटते. एखादी बाजू सरळ राहू द्या, जणू कागद तिथे बांधलेला होता.

घडी करताना नखाने दाबून घाला, उघडा, त्याच रेषेवर उलट्या बाजूने पुन्हा घाला. उंचवट्यावर २२० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. दोन घड्या छेदतात तिथे दोन-चार घासे जास्त द्या. उजेडासमोर धरलं की त्या जागी कागद विरळ झालेला दिसेल, तंतू जाळीसारखे मोकळे झालेले असतील. तिथेच थांबा. भोक पाडायचं असेल तर ते चहानंतर, ओलं असताना, बोटाच्या टोकाने हलकं ढकललं की खऱ्यासारखं पडतं. कात्रीने किंवा सुईने पाडलेलं भोक गोल आणि स्वच्छ दिसतं, ते नको.

चुरगळणं म्हणजे नुसती मुठीत दाबणं नाही. घट्ट गोळा करा, हळू उघडा, फिरवून पुन्हा गोळा करा. दर वेळी सुरकुत्या आधीपेक्षा बारीक पडतात. पत्राला दोनदा पुरे. क्राफ्ट पेपर मात्र त्याची करकर थांबेपर्यंत चुरगळत राहा. आवाज बंद झाला म्हणजे तो कापडासारखा लवचिक झाला.

काही भाग फिका राहायला हवा असेल तर मेणबत्तीचं टोक तिथे घासा. मेणावर चहा बसत नाही. सगळ्या कागदावर मेण घासून मग चुरगळला तर मेणाला तडे जातात आणि रंग फक्त तड्यांतून शिरतो. वाळल्यावर दोन टाकाऊ कागदांमध्ये ठेवून इस्त्री केली की मेण निघून येतं आणि मागे बारीक तपकिरी जाळं उरतं. पानांच्या शिरांसाठी हे फार देखणं दिसतं.

चहा, कॉफी आणि डागांचं गणित

अर्धा लिटर उकळत्या पाण्यात दोन मोठे चमचे चहा पावडर किंवा चार-पाच टी-बॅग, झाकून पंधरा मिनिटं. दूध आणि साखर अजिबात नको: साखरेने कागद चिकट होतो, मुंग्या येतात, दुधाने वास येतो. पाणी कोमट झालं की फडक्यातून गाळा. गाळलं नाही तर पावडरीचे कण बसून ठिपके उमटतात, ते हवे असतील तर गोष्ट वेगळी. चहाचा रंग उबदार, लालसर पिवळा येतो. इन्स्टंट कॉफीचा तपकिरी थोडा थंड आणि मळकट असतो, आणि वास बरेच दिवस राहतो. मी पहिला हात चहाचा देते आणि डागांसाठी कॉफी ठेवते. दोन वेगळे तपकिरी शेजारी आले की डोळ्यांना काळाचा फरक जाणवतो. चहा जास्त गडद हवा असेल तर त्यात चिमूटभर खायचा सोडा टाका, रंग बघता बघता खोल होतो. लिंबू पिळलं तर उलट, फिका पडतो.

कागद बुडवू नका, ट्रेमध्ये ठेवून त्यावर चहा ओता. पातळ थर पुरे. ट्रे थोडा तिरका करा, म्हणजे एका बाजूला चहा साचेल आणि दुसरी बाजू नुसती ओली राहील. तीन ते पाच मिनिटांत काढा. ओला कागद वाळल्यावर दिसणार त्याहून गडद दिसतो, त्यामुळे ओला असताना रंग बरोबर वाटला तर वाळल्यावर तो फिका निघेल. दुसरा हात नेहमी पहिला पूर्ण वाळल्यावर द्या. त्यामुळे दोन हातांच्या सीमा उमटतात, तेच हवं असतं.

जुन्या कागदावरची ओलीची नागमोडी रेघ हातानं काढायला जाऊ नका, ती पाण्याला काढू द्या. सांडलेल्या कॉफीच्या थेंबाची कडाच गडद का होते, याचा खुलासा १९९७ साली शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी केला. थेंबाची कड जागची हलत नाही आणि तिथलं पाणी सतत उडत असतं. ती जागा भरायला आतलं पाणी कडेकडे वाहतं आणि सोबत रंगाचे कण नेऊन तिथे टाकतं. कागदावर पाणी पसरतानाही रंग असाच ओल्या-कोरड्याच्या सीमेवर जाऊन साचतो. तेव्हा कागदावर एका कोपऱ्यात कडक चहाचं लहानसं तळं करा आणि त्याला हात लावू नका. टिपू नका, हलवू नका, फुंकू नका. वाळताना रेघ आपोआप तयार होईल. जिथे सपाट रंग हवा तिथे मात्र ताबडतोब टिपून घ्या. एकाच कागदावर एक कोपरा न टिपता आणि बाकीचा टिपून सोडणं, एवढ्या एका युक्तीने कागद जिवंत होतो.

ठिपक्यांसाठी कागद ओलसर असताना इन्स्टंट कॉफीचे थोडे दाणे उंचावरून सोडा. दाणा विरघळून त्याच्याभोवती विरत जाणारं वर्तुळ उमटतं. एक मिनिटाने उरलेले दाणे झटकून टाका, नाहीतर चिकट काळे गोळे राहतात. ठिपके एका कोपऱ्यात घोळक्याने असावेत, सगळीकडे सारखे विखुरले तर ते छापील नक्षीसारखे दिसतात.

वाळवणं आणि सपाट करणं

घाई नसेल तर जाळीवर किंवा जुन्या फडक्यावर रात्रभर. ओव्हन वापरायचा असेल तर ९० ते १०० अंश सेल्सिअस, पाच ते आठ मिनिटं, आणि समोरून हलायचं नाही. कागद साधारण २३० अंशांच्या आसपास पेटू शकतो, त्यामुळे ९०-१०० अंशांवर अंतर भरपूर आहे, पण पंख्याच्या ओव्हनमध्ये हलका कागद उडून तापलेल्या कॉइलला चिकटू शकतो. म्हणून पंखा बंद ठेवा, आणि थेट ज्योतीच्या ओव्हनमध्ये कागद घालूच नका. मायक्रोवेव्हही नको, त्यात कागद कुठे ओला, कुठे करपलेला असा होतो आणि पेटूही शकतो.

वाकडेपणाचं मुख्य कारण असमान वाळणं. कागद एका बाजूने आधी सुकला की त्या बाजूचे तंतू आधी आकसतात. तो ऐंशी-नव्वद टक्के वाळला, हाताला थंड लागतो पण ओल येत नाही, अशा वेळी दोन टिपकागदांमध्ये ठेवून वर जाड पुस्तकं रचा आणि रात्रभर तसंच राहू द्या. पूर्ण वाळून वाकडा झालाच असेल तर मागच्या बाजूने पाण्याचा हलका फवारा मारून हेच करा. इस्त्री मध्यम गरम, वाफ बंद, मध्ये साधा कागद. फार दाबून केली तर मेहनतीने आणलेल्या सुरकुत्या नाहीशा होतात.

कागद अगदी खडखडीत वाळल्याशिवाय रचून ठेवू नका. किंचित ओल राहिली तरी चहा लागलेल्या कागदाला बुरशी लवकर धरते.

लिहिणं आणि छापणं कधी

मजकूर छापायचा असेल तर लेझर प्रिंटरवर आणि सगळ्याच्या आधी, कोऱ्या सपाट कागदावर. टोनर म्हणजे वितळून बसलेलं प्लास्टिकच असतं, त्याला चहाने काही होत नाही. चुरगळताना अक्षरं थोडी झडतात, तेही शोभतं. इस्त्री करताना मात्र छापील बाजूवर बेकिंग पेपर ठेवा, टोनर उष्णतेने मऊ होतो. इंकजेटची साधी शाई पाण्यात विरघळते, ती चहाआधी वापरली तर जांभळे-निळे ओघळ येतील. चुरगळलेला किंवा फाटक्या कडांचा कागद कोणत्याच प्रिंटरमध्ये घालू नका, आत अडकतो.

हाताने लिहायचं असेल तर अडचण खळीची आहे: सुरकुत्यांवर ती मोडलेली असल्याने शाई फुटते. एक तर जलरोधक शाईने आधी लिहा, किंवा वाळल्यावर कागदाला पुन्हा पातळ खळ द्या. एका वाटी पाण्यात कॉर्नफ्लोअरचा (मक्याच्या पांढऱ्या स्टार्चचा) लहान चमचा शिजवून गाळून घ्या, मऊ ब्रशने एक हात फिरवा, वाळू द्या. मग बोरूने किंवा टाकानेही लिहिता येईल.

पानगळीचा रंग पानांकडूनच

आतापर्यंतचा कागद कोणत्याही कामाला चालेल. पानगळीसाठी त्यात एक सुंदर जोड देता येते. थंडी जवळ आली की पानातलं हरितद्रव्य तुटत जातं आणि त्याखाली झाकलेला पिवळा-नारिंगी कॅरोटिनॉइडचा रंग दिसू लागतो. काही झाडं त्याच वेळी लाल अँथोसायनिन नव्याने बनवतात. हे सगळं ओसरलं की उरतो तो तपकिरी, आणि त्यात मोठा वाटा टॅनिन या तुरट द्रव्याचा. चहाच्या पाण्यातही टॅनिनच्याच कुळातली द्रव्यं असतात. म्हणजे गळलेलं पान आणि चहात रंगलेला कागद जवळजवळ एकाच रंगाने रंगतात, म्हणून ते शेजारी ठेवले की इतके जुळून दिसतात.

तपकिरी वाळकी पानं भांडंभर घेऊन तासभर उकळा, गाळा, तो काढा चहासारखाच वापरा. रंग फिका पण मातकट आणि फार खरा येतो. कांद्याच्या कोरड्या साली उकळल्या तर सोनेरी नारिंगी मिळतो, माळेतल्या काही पानांसाठी तो हवाच. अक्रोडाच्या कठीण कवचावरच्या हिरव्या सालीचा तपकिरी सगळ्यात खोल, पण हातमोजे घाला, बोटांचा डाग आठवडाभर जात नाही. हळद टाळा. पहिल्या दिवशी पिवळा रंग मोहात पाडतो आणि खिडकीतल्या उजेडात झपाट्याने उडून जातो. बीटही तसंच.

आता लोखंड. गंजणारे खिळे किंवा साध्या पोलादाची तारेची घासणी (स्टेनलेस नको) व्हिनेगरमध्ये काही दिवस झाकण सैल ठेवून भिजू द्या, मग गाळून घ्या. या पाण्याचे थेंब चहाने रंगलेल्या कागदावर पडले की तिथे टॅनिन आणि लोह एकत्र येऊन राखाडी-काळा रंग होतो. युरोपात मध्ययुगापासून शतकानुशतकं हस्तलिखितांना जी शाई वापरली ती याच संयोगाची. तीच शाई कालांतराने कागद कुरतडते हेही लक्षात असू द्या आणि लोहपाणी एकास दहा पाण्यात पातळ करूनच वापरा.

याच्या जोरावर पानाचा ठसा कागदावर उतरवता येतो, आणि या सगळ्या कामात मला हा भाग सर्वांत प्रिय आहे. नुकतीच गळलेली, अजून लवचिक असलेली पानं घ्या. गुलाब, ओक, मॅपल, निलगिरी यांच्यात टॅनिन चांगलं असतं. कुरकुरीत झालेली पानं आधी कोमट पाण्यात भिजवा. जाड कागद पाण्यात भिजवून निथळवा. पानं पातळ लोहपाण्यात बुडवून कागदावर मांडा, वर दुसरा ओला कागद, पुन्हा पानं, असा थर रचा. दोन फरश्यांच्या मध्ये घट्ट बांधा आणि तास-दीड तास वाफवा. भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही आणि खिडकी उघडी ठेवायची. पूर्ण थंड झाल्यावरच उघडा. पान उचलताना ते कागदाला किंचित चिकटतं, मग सुटतं, आणि खाली त्याचा काळसर आकार असतो: गुलाबाच्या पानाच्या कडेचे दाते एकेक मोजता येतात, शिरा कुठे फिक्या, कुठे गडद, आणि देठाजवळ लोहपाणी साचलं होतं तिथे जांभळट डाग. आकाराभोवती पिवळट वलय असतं, पानातून बाहेर पडलेल्या रंगाचं. असा कागद आणखी चुरगळू नका. काठ फाडा आणि तसाच राहू द्या.

शेवटचे हात आणि वापर

कागद वाळला की कडांना थोडा गडदपणा द्या. स्पंजचा तुकडा घट्ट कॉफीत किंवा तपकिरी इंक पॅडवर टेकवा, आधी टाकाऊ कागदावर जवळजवळ कोरडा करा, मग बाहेरून आत असा फिरवा. कोपरे आणि घडीची टोकं जास्त, बाकी कमी. उंच सुरकुत्यांवर स्पंज आडवा धरून नुसता सरकवला तर रंग फक्त माथ्यावर बसतो. रंग जास्त झाला तर पॉलिश पेपरने थोडा खरवडा. ब्लीचने फिका करायला जाऊ नका: कागद कमकुवत होतो, आणि व्हिनेगरच्या लोहपाण्याशी ब्लीच मिसळलं तर विषारी क्लोरिन वायू निघतो.

माळेची पानं कापून झाल्यावर किंचित ओली करा, मऊ पृष्ठभागावर उलटी ठेवा आणि बोथट टोकाने शिरा दाबा. मग मधोमध घडी घालून, टोकं पेन्सिलीभोवती वळवून वाळू द्या. वाळल्यावर आकार धरून राहतो. माळ दिव्याजवळ लावणार असाल तर दिवा बॅटरीवरचा एलईडीच हवा. कागदी कंदिलात आणि माळेखाली मेणबत्ती नको. बरणीच्या लेबलाला मागून पातळ डिंक लावा, जाड लावला तर ओलीने पुढच्या बाजूला नवे डाग उमटतात.

एक गोष्ट आवर्जून. चहा आणि कॉफी दोन्ही आम्लधर्मी आहेत, आणि हा कागद खराखुरा लवकर म्हातारा होतो. काही महिन्यांच्या सजावटीला, पत्राला, भेटकार्डाला त्याने काही बिघडत नाही. पण घरातले जुने फोटो, मूळ पत्रं किंवा दस्तऐवज अशा कागदावर चिकटवू नका किंवा त्याला टेकवून ठेवू नका, आम्ल हळूहळू त्यांच्यात उतरतं. स्मरणवहीत असं पान हवं असेल तर फोटोची प्रत काढून तीच लावा आणि मूळ फोटो आम्लरहित कागदाच्या पाकिटात वेगळा ठेवा.